तिखटाचे दिवस

होळी होऊन उन्हं चढायला लागली की भालकी-बसवकल्याण भागातल्या गल्ल्यांतून नाकाला पदर लावूनच चालावं लागतं. कुणाच्या अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या, कुणाच्या परसात कढईभर मिरची तेलावर परतली जात असते, आणि कांडप यंत्राच्या शेडसमोर पाट्या घेऊन बायकांची रांग. वर्षाचं तिखट एवढ्या दिवसांतच करून ठेवायचं; मिरगाचं पाणी पडलं की मिरची सादळते, मग तिला यंत्रही नीट फोडत नाही. घरोघरचं हे काम आता बरंचसं संघांकडे आलं आहे. मी उभी नोकरी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर गावातल्या स्त्रीशक्ती संघाचे हिशेब लिहायला म्हणून गेले आणि देठं मोडायला बसले. हिशेब आजही कुणीतरी आग्रह केल्यावरच लिहिले जातात.

आमचा संघ लाल तिखट करतो, काळं तिखट करतो, येसूर करतो आणि मागणी आली की ताजा ठेचाही कुटून देतो. माल उदगीर-लातुराकडे जातो, कलबुर्गीच्या दोन-चार दुकानांत जातो, आणि पुण्यात नोकरीला गेलेल्या लेकरांच्या पिशव्यांतून तर जातोच. मिरची बीदरच्या अडतीतून येते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी गुंटूरकडची तेजा. हे दोन वेगळे गुण आहेत, हे आमच्यातल्या अडाणी म्हणवणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. ब्याडगी दिसायला लालभडक, अंगावर सुरकुत्या, आणि स्वभावाने मऊ. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रंगाच्या जोरावर. तेजा मात्र नावाला जागते. हात पोळतात ते तिच्यामुळे.

मिरची कुटायच्या आधी तिची देठं मोडायची असतात. सांगायला काम सोपं आहे. उन्हात कडकडीत वाळलेली मिरची डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने देठ टोपीसकट मुरगाळून काढायचं, मिरची पाटीत, देठ बाजूला. पण टोपी निघाली की मिरचीच्या डोक्याला भोक पडतं आणि आतली भुकटी, चार बिया, पांढऱ्या शिरेचा चुरा बोटांवर सांडतो. मिरचीचा सगळा जाळ त्या पांढऱ्या शिरेत असतो. बी तिखट असतं असं सगळे म्हणतात, पण बी तिखट होतं ते शिरेला चिकटून राहिल्यामुळे. चैत्रातल्या घामाने बोटं ओली असतात, नखांच्या कडेला भाकरीच्या तव्याचे, विळ्याचे लहानसहान चरे असतात, आणि त्या ओलीतून ती भुकटी आत मुरत जाते. 

पहिले एक-दोन तास काहीच होत नाही. गप्पा रंगलेल्या असतात, कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं. तळहाताची कातडी जाड, त्यामुळे तिखट सावकाश उतरतं. दुपार कलली की मनगटाच्या आतल्या बाजूला चुरचुर सुरू होते, मग बोटांच्या बेचक्यांत, आणि दिवेलागणीला दोन्ही हात भगभगायला लागतात. "बाई, हात पेटलालेत बगा," हे वाक्य मी हंगामात इतक्यांदा ऐकते की नव्या येणाऱ्या मुलीला ते तिने म्हणायच्या आधीच मी तेलाची वाटी पुढे करते.

आणि या दुखण्याची सगळ्यात वाईट गोष्ट ही की ते दिसत नाही. तव्याला हात लागला तर फोड येतो, घरचे हळहळतात, निदान एक दिवस भांडी दुसरं कुणीतरी घासतं. मिरचीने पेटलेला हात मात्र बहुतेक वेळा अगदी धडधाकट दिसतो. फार तर किंचित लाली. आमच्यातली एक नवी सून रात्रभर हात पाण्याच्या बादलीत घालून बसली आणि सकाळी एका दवाखान्यात गेली. तिथे हात उलटासुलटा करून पाहिला गेला, फोड नाही, सूज नाही, आणि 'मनावर घेऊ नका' असा सल्ला मिळाला. दिसलं नाही हे खरंच होतं. पण नव्या सुनेने 'हात जळतोय' म्हणायचं आणि दवाखान्याने 'काही नाही' म्हणायचं, यातून तिच्या घरी पुढचे कितीतरी दिवस काय काय ऐकवलं गेलं असेल, ते आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा.

मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण ते समजल्यावर तिच्या चेहऱ्यावरची निम्मी भीती गेली होती. मिरचीतला जो पदार्थ झोंबतो त्याचं नाव कॅप्सायसिन. तो कातडी जाळत नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी एक जागा असते. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर काही लागलं की ती मेंदूला 'भाजतंय' असं कळवते. कॅप्सायसिन नेमकं त्याच जागेवर जाऊन बसतं आणि भाजलेलं नसताना तीच वर्दी जाते. ही जागा १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढली, तीही मिरचीचाच माग काढत, आणि २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं. तेव्हा हात शाबूत आहे हे दवाखान्याचं म्हणणं बरोबर, आणि हात जळतोय हे सुनेचं म्हणणंही तितकंच बरोबर. वेदना खरी आहे, जखम नाही.

यातूनच दुसरी एक गोष्ट उलगडते, जी आमच्या बायका कुणी न सांगता अनुभवाने म्हणत आल्या आहेत: 'मिरचीचा हात चुलीपुढं नेऊ नये.' जागा एकच असल्यामुळे मिरची बसलेल्या तंतूला साधी ऊबसुद्धा भाजल्यासारखी लागते. दिवसभर देठं मोडलेल्या हाताने संध्याकाळी तव्यावर भाकरी टाकणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. भाकरी थापेपर्यंत पिठाचा गारवा बरा वाटतो, पण तव्यावरची वाफ मनगटाला लागली की डोळ्यांतून पाणी. तीच गत कढत पाण्याच्या अंघोळीची. अंगभर तिखटाची धूळ, म्हणून बाई घरी गेल्या गेल्या बंबातलं पाणी घेते, आणि हातापुरती असलेली आग मानेवर, पाठीवर, नको तिथे पसरते. 

उपायांच्या बाबतीत आमच्याकडे प्रत्येक घराण्याची वेगळी गादी आहे. कुणी ताक लावतं, कुणी गूळ चोळतं, कुणी चुलीतली राख, कुणी चिंचेचा कोळ, कुणी कणकेच्या गोळ्यात बोटं खुपसून बसतं. एका काकूंचा लिंबावर भारी विश्वास होता. नखाजवळ चरा असलेल्या मुलीच्या हातावर त्यांनी लिंबू पिळलं तेव्हा तो विश्वास सगळ्या शेडने ऐकला. भांडण मिटवायला मी शाळेतली युक्ती काढली. दोन काचेचे पेले घेतले, एकात पाणी, एकात करडईचं तेल, दोन्हींत चमचाचमचा तिखट टाकून ढवळलं आणि ठेवून दिलं. पाणी गढूळ झालं, पण तिखट शेवटी तळाशी बसलं. तेल मात्र लालजर्द. इथे शिक्षकी खोड आडवी येते म्हणून सांगते, लाल रंग आणि तिखटपणा हे वेगवेगळे पदार्थ आहेत, त्यामुळे या प्रयोगात रंग दिसतो, तिखटपणा नव्हे. पण दोघांचा स्वभाव सारखा, पाण्याशी वाकडं आणि तेलाशी गट्टी. नुसत्या पाण्याने हात धुणारीला आराम का पडत नाही, हे त्यावरून सगळ्यांच्या लक्षात आलं. 

अमेरिकेत न्यू मेक्सिकोकडे मिरची आपल्यासारखीच पिकते आणि खाल्ली जाते. तिथल्या डॉक्टरांनी १९८७ साली याच घरगुती उपायांची परीक्षा केली होती: मिरचीने पोळलेले हात गार पाण्यात बुडवायचे की खाण्याच्या तेलात? सुरुवातीला गार पाण्याने जास्त बरं वाटलं, पण टिकाऊ आराम तेलाने दिला. आमच्या शेडमधला अनुभवही असाच आहे. बादलीत हात आहे तोवर स्वर्ग, हात बाहेर काढला की पुन्हा भडका. म्हणून आम्ही दोन्ही वापरतो, फक्त क्रम ठरवून.

काम संपलं की आधी कोरडे हात कोरड्या फडक्याने किंवा मूठभर बेसनाने झटकून, चोळून घ्यायचे. पाण्याला तोवर शिवायचंही नाही. मग वाटीभर तेल, कुठलंही खाण्याचं. आमच्याकडे करडईचं असतं म्हणून ते. बेचक्या, नखांच्या कडा, मनगटाच्या रेषा, सगळीकडे सावकाश चोळायचं. तेल मिरचीला ओढून घेतं, पण ते तसंच अंगावर ठेवलं तर तीच मिरची आणखी चार ठिकाणी नेऊन पोचवतं. त्यामुळे तेल पुसून काढायचं, आणि पुसलेलं फडकं बाजूला टाकायचं. तेच फडकं दुसरीने घेतलं तर तिची पंचाईत. त्यानंतर भांड्यांचा साबण आणि गार पाणी, नखांत जुना दात घासायचा ब्रश. गरज लागली तर तेल-साबण पुन्हा एकदा. हे सगळं झाल्यावर मात्र हात माठातल्या पाण्यात घालून निवांत बसावं. बर्फ थेट कातडीवर चोळू नये. बधिर हाताला बर्फाची इजा कळत नाही. इतकं करूनही काही तास चुरचुर राहतेच. आत शिरलेलं तिखट बाहेरून चोळून निघत नाही, ते ओसरायला वेळच लागतो. 

ताकाचं काय? तोंड पोळल्यावर दूध-दही उपयोगी पडतं हे खरं आहे, दुधातलं प्रथिन तिखट ओढून घेतं. हातावर मात्र त्याचा मुख्य उपयोग गारव्यापुरता. २००८ साली अमेरिकेत मिरचीचा फवारा चेहऱ्यावर घेतलेल्या स्वयंसेवकांवर दूध, पाणी, लहान मुलांचा शांपू वगैरे पाच गोष्टी ताडून पाहिल्या गेल्या, आणि त्यांत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. जसजसा वेळ गेला तसतशी आग उतरली. मी हे शेडमध्ये सांगितलं तेव्हा आमच्यातली सगळ्यात थोरली मावशी म्हणाली, "मग ताक प्यावं की. हाताला कशाला वाया घालता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून दुपारी शेडमध्ये जिरं-मीठ घातलेल्या ताकाची घागर असते.

डोळ्यांचं प्रकरण वेगळं आहे. तिथे तेलबिल काही नाही, स्वच्छ पाण्याची धार, पुष्कळ वेळ, डोळा मिचकावत. लाली उतरली नाही किंवा धूसर दिसायला लागलं तर डॉक्टर. आमच्याकडे डोळ्यांत तिखट जातं ते बोटांनी कमी आणि पदराने जास्त, हे कळायला मला बरेच दिवस लागले. काम करताना बाई बोटं सांभाळते, पण घाम पुसायला पदरच येतो, आणि सकाळपासून मांडीवर पडलेल्या त्या पदरात पाटीभर धूळ बसलेली असते. आता प्रत्येकीच्या खांद्यावर वेगळा पंचा असतो, आणि तिखटाचं लुगडं घरातल्या इतर कपड्यांत धुवायचं नाही, निदान लंगोट-दुपट्यांत तरी नाहीच. अंगावर पाजणाऱ्या बाईला आम्ही देठांना बसवतच नाही. ती वजन करते, पिशव्यांना चिकटपट्टी लावते. हा नियम कुणी ठरवल्याचं आठवत नाही; पहिल्या वर्षी एक तान्हं लेकरू आईच्या अंगाला तोंड लावताच किंचाळलं, आणि नियम आपोआप झाला.

वर जिचा उल्लेख केला त्या मावशीचे हात जळत नाहीत. तेजाच्या ढिगात ती कोपरापर्यंत हात घालते आणि संध्याकाळी ऐटीत भाकरी थापते. पोरी तिच्याकडे देवीकडे पाहावं तसं पाहतात, आणि तीही सांगते, "आमच्या काळच्या बायांचे हात वायले." मला हे पटत नसे, पण खोडून काढायलाही काही नव्हतं. नंतर कळलं की यालाही शास्त्र आहे. मज्जातंतूच्या त्याच जागेवर कॅप्सायसिनचा मारा पुन्हापुन्हा होत राहिला की ती जागा दाद देईनाशी होते, आणि टोकं काही काळासाठी आखडून घेतात. हंगेरीत, मिरचीसाठीच नावाजलेल्या सेगेड शहरात, यान्चो नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर हे दाखवून दिलं होतं. आज औषधाच्या दुकानात गुडघेदुखीसाठी मिरचीच्या अर्काचं जे मलम मिळतं, ते याच तत्त्वावर: आधी झोंबतं, मग त्या जागेचं दुखणंच कळेनासं होतं. म्हणजे मावशीच्या हाताला हंगामभर एक मलम फुकट लागत असतं. 

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रागावली. तिचं बरोबर होतं. जन्मभराची कमाई मी एका वाक्यात मलमाच्या ट्यूबमध्ये भरली होती. पण सांगणं भाग होतं, कारण तिच्या ऐटीचा भुर्दंड पोरींना पडत होता. 'मावशीला होत नाही, मग मलाच कसं होतं' असं म्हणत त्या गप्प बसून सहन करत. शिवाय न जळणारा हात हा सुरक्षित हात नव्हे. मावशीच्या बोटांवर तव्याचे जे डाग आहेत, त्यांतले काही तिला लागल्याचं कळलंच नव्हतं. पावसाळ्यात दोन-तीन महिने मिरचीला हात लागला नाही की तिचाही हात पहिल्या दिवशी पोळतो. ते मात्र तिने मला एकटीला सांगितलं.

मिरचीवाचून आपल्या लोकांचं पूर्वीपासून भागत नसणार, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यावर मी त्यांना आमच्याच बसवकल्याणची गोष्ट सांगते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात राजाच्या ताटातल्या पदार्थांच्या कृती आहेत. मिरे आहेत, हिंग आहे, आलं आहे, मिरची नाही. बसवण्णांच्या काळातल्या कल्याणातही ती नव्हती. अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. हे ऐकून एकजण म्हणाली, "तवाच्या बायकांचे हात बरे असतील, बाई." दुसरी म्हणाली, "मिरे कोण कुटत होतं मग?"

हातमोज्यांचं सुचवून झालं आहे. दुकानात मिळणारे पातळ प्लास्टिकचे मोजे देठाच्या टोकाने पहिल्या तासात फाटतात आणि फाटलेल्या मोज्याच्या आत घामाबरोबर जमलेलं तिखट उघड्या हातापेक्षा वाईट. दवाखान्यातले निळे नायट्राइलचे मोजे टिकतात, पण वैशाखातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आत पाणी साचतं. तडजोड अशी निघाली की उजव्या हातात मोजा, डावा मोकळा. डाव्या हाताला मिरची वाळली आहे की दमट हे कळावं लागतं. त्या डाव्या हाताला बसायच्या आधी तेलाचा पुसट हात. कच्च्या मिरचीच्या ठेच्याला मात्र दोन्ही मोजे सक्तीचे. ओली मिरची, लसूण, मीठ खलबत्त्यात कुटून झाल्यावर काही बायका चव एकजीव व्हावी म्हणून हाताने कालवत. ते मी लाकडी पळीवर आणलं. चव बदलली असं मावशी म्हणते. गिऱ्हाईक काही म्हणत नाही.

खरा फरक पडला तो यांपैकी कशानेच नाही. पोळलेले हात, तेल, साबण, माठ, हे सगळं नीट करून बाई घरी जायची आणि तासाभरात पुन्हा रडकुंडीला यायची, कारण घरी चूल वाट पाहत असायची. शेडमध्ये कितीही शहाणपण केलं तरी संध्याकाळच्या भाकऱ्या तिच्याच हातच्या. मी एक-दोघींच्या घरी जाऊन बोलून पाहिलं. नवरे समजूतदारपणे माना हलवत आणि मग विचारत, "पण भाकरीचं काय?" शेवटी उपाय निघाला तो कडक भाकरीतून. आमच्याकडे आणि कलबुर्गी-सोलापूरकडे ज्वारीची पातळ भाकरी वरून तीळ लावून, तव्यावर खरपूस करून वाळवून ठेवतात. ती दिवसच्या दिवस टिकते, आणि शेंगाची चटणी, दही, कांदा असला की तिच्यासारखं जेवण नाही. संघाने ठरवलं, देठं मोडायला बसायच्या आदल्या दिवशी मिरचीला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी शेडमध्ये तीन चुली पेटतात आणि येणाऱ्या आठवड्याच्या कडक भाकऱ्या होतात, प्रत्येकीच्या घराच्या हिशेबाने. संध्याकाळी पाळीपाळीने एकेकीला सुट्टी देण्याचीही पद्धत आम्ही करून पाहिली होती, ती टिकली नाही, भाकऱ्या टिकल्या. मिरचीच्या दिवसांत आता आमच्या बायकांच्या घरी रात्रीचा तवा चढत नाही.

अपवाद आहेतच. त्या नव्या सुनेच्या सासऱ्यांना गरम भाकरीच लागते, कडक भाकरी दातांना सोसत नाही म्हणे. गेल्या हंगामात पहिल्याच दिवशी त्यांनी ताट बाजूला सरकवलं. सुनेने कडक भाकरीचे तुकडे केले, ताकात भिजवले, वर फोडणी घातली आणि वाटी पुढे ठेवली. सासू म्हणाली, "खा की, मऊ झालीया." त्यांनी खाल्ली. फोडणीत सुकी मिरची मात्र सासूनेच टाकली होती, सुनेने हात लावला नव्हता.